यादीत बाबांची गाणी चालतील का?

पत्र (थोडं कमी करून):

"मी ४४ वर्षांची, इंदूरच्या सुदामानगरात राहते, बँकेत नोकरी करते. आमची मराठी मैत्रिणींची भिशी आहे. जानेवारीच्या भिशीत प्रत्येकीनं सरत्या वर्षात आवडलेली पाच गाणी आणि पाच चित्रपट वाचून दाखवायचे, ही आमची जुनी पद्धत. यंदा माझ्याकडे वाचण्यासारखं काहीच नाही. मे महिन्यात बाबा गेले, ७९ वर्षांचे होते. त्यानंतर नवं फारसं काही बघितलं नाही. ऐकलं ते सगळं जुनं : मदनमोहन, माणिक वर्मा, अरुण दाते. डिसेंबरात स्पॉटिफायनं माझं 'ऐकण्याचं वय' ७८ काढलं. सगळ्यात जास्त ऐकलेल्या कलाकारांत पहिल्या आल्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी, कारण सासूबाई रोज पहाटे माझ्याच फोनवर विष्णुसहस्रनाम लावतात. मुलगी हसून हसून लोळली. भिशीतल्या एका मैत्रिणीची यादी दर वर्षी इतकी भारी असते की तिच्यानंतर तोंड उघडायची लाज वाटते. म्हणून यंदा परीक्षणं वाचून मी एक यादी तयार केली आहे. तीत दोन चित्रपट न पाहिलेले आहेत. ती वाचू की भिशीला दांडी मारू? बाबा तरुणपणी रेडिओवरच्या बिनाका गीतमालेची वार्षिक यादी वहीत उतरवून ठेवायचे. ती वही माझ्याकडे आहे, पण त्यांची गाणी २०२५ च्या यादीत कशी घालणार? यजमान म्हणतात, चाळिशी ओलांडल्यावर हे काय शाळकरी खेळ मांडलेत."

ताई,

दांडी मारू नका, आणि न पाहिलेले दोन चित्रपट आजच खोडून टाका. मुख्य प्रश्नाचं उत्तर इतकंच आहे. पण तुमच्या पत्रात खरी गोष्ट मधल्या एका ओळीत आलीय आणि तुम्ही ती घाईनं ओलांडलीय. तिच्याकडे येतो.

आधी ते दोन चित्रपट. नावं तुम्ही कळवली नाहीत, पण २०२५ ची परीक्षणं चाळून यादी केली असेल तर तीत रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' असणारच, पैज लावायला तयार आहे. जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागात त्याला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि सप्टेंबरात तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत आला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी शहरातून गावी आलेल्या मुलाची ती गोष्ट आहे. यंदाच्या वर्षी हा चित्रपट नुसता नाव घेण्यापुरता वापरून टाकावा असं निदान तुम्हाला तरी वाटू नये. सवड काढून बघा. आवडला तर पुढच्या जानेवारीत वाचा. तोवर यादीखाली 'बघायचे राहिले' असा एक मथळा घाला आणि दोन्ही नावं तिथे लिहा. त्यात कसली लाज? माझ्याकडे त्या मथळ्याखाली मूळ यादीपेक्षा जास्त नावं असतात.

न पाहिलेल्या चित्रपटाचं नाव घेऊ नये ते पकडले जाऊ म्हणून नव्हे. भिशीत कुणी उलटतपासणी घेत नाही, पुढच्या मिनिटाला पावभाजी येते. कारण वेगळं आहे. दाद द्यायला मैफलीत हजर असावं लागतं. घरी बसून 'काय सुंदर झाली म्हणे मैफल' असं म्हणता येतं, वाहवा म्हणता येत नाही. आपल्या इंदूरला हे वेगळं सांगायला नको. रामूभैया दाते गवई नव्हते, वादक नव्हते, तरी या गावात त्यांचं नाव अजून निघतं ते ऐकणारा माणूस म्हणून. पु. लं.नी त्यांच्यावर लिहिलं तेही त्यांच्या रसिकपणाबद्दल. 'सानंद' या इथल्या संस्थेच्या नाटकांना जाणाऱ्यांना ठाऊक असेल, तिथल्या प्रेक्षकांच्या एका समूहाला रामूभैयांचं नाव आहे. तुम्ही ज्यांना वर्षभर ऐकलंत त्या अरुण दात्यांचे ते वडील. तेव्हा यजमानांना सांगा, काय आवडलं ते चार माणसांत सांगणं हा या गावात मोठ्यांचाच उद्योग होता. त्यांच्याबद्दल यापुढे काही लिहीत नाही.

आता त्या ७८ वयाबद्दल. तो आकडा कसा निघतो ते मुलीलाही वाचून दाखवा. तुमच्याच वयाच्या इतर श्रोत्यांपेक्षा तुम्ही कोणत्या पाच वर्षांतली गाणी जास्त ऐकलीत, हे आधी शोधतात. मग ती गाणी आली तेव्हा तुम्ही १६ ते २१ वर्षांच्या असाल असं धरून चालतात, कारण त्या वयात ऐकलेली गाणी माणसाला जन्मभर चिकटतात असं मानसशास्त्र मानतं. त्यावरून तुमचं वय मांडतात. आता उलट हिशेब करा. २०२५ साली ७८ वर्षांचा माणूस १६ ते २१ वर्षांचा होता १९६३ ते १९६८ या काळात. मदनमोहनचा 'वो कौन थी' १९६४ चा, 'मेरा साया' १९६६ चा. त्या वर्षांत तुमचे बाबा कॉलेजच्या वयाचे होते.

यंत्राला तुमच्या घरात काय घडलं ते माहीत नाही. त्यानं ढोबळ गणित मांडलं आणि एका वर्षाच्या फरकानं तुमच्या बाबांचं वय सांगितलं. मुलगी हसली ते बरोबरच आहे, सतरा-अठराच्या वयात माणूस हसतोच. पण तुम्हीही त्या आकड्याला हसलात, 'वाचण्यासारखं काही नाही' म्हणून मोकळ्या झालात, हे मला पटलं नाही. मे ते डिसेंबर तुम्ही एकाच माणसाच्या आवडीचं ऐकत राहिलात. पत्रात त्या ओळीवरून घाईनं पुढे गेलात म्हणालो ते हेच. मला येणाऱ्या वर्षअखेरीच्या याद्यांत इतकी एकसंध यादी क्वचित सापडते. बहुतेकांचं वर्ष नुसतं विखुरलेलं असतं.

सुब्बुलक्ष्मींचं काय करायचं? या ॲपवर गाणं तीस सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं धरतात. फोन कुणाच्या हातात आहे, ऐकणारी उशाशी बसलीय की ओट्यापाशी कुकर लावतेय, हे त्याला कळत नाही. मोजणीचा निकष लावला तर आपल्यापैकी प्रत्येकाचं वर्षातलं पहिलं गाणं एकच निघेल : सकाळी दारात येणाऱ्या कचरागाडीचं. देशातलं सर्वांत स्वच्छ शहर असण्याची ही किंमत! शिवाय यंदाचा तो हिशेब ३ डिसेंबरलाच जाहीर झाला, म्हणजे डिसेंबर जवळपास पूर्ण बाहेर. आणि आपल्या या टापूत ऐकायचा महिना तर डिसेंबरच. ग्वाल्हेरचा तानसेन समारोह त्याच महिन्यात असतो, लग्नसराईतली वरात आणि थंडीतल्या मैफलीही तेव्हाच. ॲपची यादी आठवणीला टेकू म्हणून घ्या, यादी म्हणून घेऊ नका.

बाबांच्या वहीबद्दल जरा सावकाश लिहितो, कारण मलाही त्या विषयाची खोड आहे. वर्षअखेरीची यादी ही कुणा परदेशी ॲपची नवलाई नव्हे. रेडिओ सिलोनवर गीतमाला सुरू झाली १९५२ साली. बुधवारी रात्री आठ वाजता घराघरांत रेडिओभोवती माणसं गोळा व्हायची, निवेदक अमीन सायानी गाण्यांना एकेक पायदान, म्हणजे क्रमांक, चढवत न्यायचे, आणि वर्ष संपताना वार्षिक कार्यक्रम. १९५३ च्या वार्षिक यादीत सगळ्यात वर होतं 'अनारकली'मधलं 'ये जिंदगी उसी की है'. संगीत सी. रामचंद्र यांचं, आवाज इंदूरला जन्मलेल्या लताबाईंचा. क्रम ठरायचा तो रेकॉर्डच्या विक्रीवर आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांच्या पसंतीवर. म्हणजे तेव्हाही मोजणीच होती. आणि मोजणीचं जे होतं तेच तेव्हाही व्हायचं. १९६५ ला पहिलं आलेलं गाणं 'सहेली' नावाच्या चित्रपटातलं होतं, मुकेशचं. तुमच्या भिशीत विचारून बघा किती जणींना आठवतं. उलट 'वो कौन थी'मधलं 'लग जा गले' आज लग्नातल्या संगीतापासून गाण्याच्या स्पर्धेपर्यंत सगळीकडे आहे.

मला खात्री आहे, बाबांनी वहीत नुसता सायानींचा क्रम उतरवलेला नसणार. गीतमालेच्या वह्या ज्यांनी ज्यांनी ठेवल्या त्यांनी समासात काहीतरी खुणा केल्याच : कुठे फुली, कुठे दोनदा अधोरेखन, कुठे 'हे वर हवं होतं' असा राग. ती वही काढा आणि समास बघा. खुणा असतील तर बाबांची खरी यादी ती.

राहिला प्रश्न १९६४ चं गाणं २०२५ च्या यादीत कसं, हा. या बाबतीत माझं मत ठाम आहे : गाण्याचं साल ते रेकॉर्ड झालं तेव्हाचं, यादीचं साल तुम्ही ऐकलंत तेव्हाचं. पुरस्कार समित्यांना प्रदर्शनाची तारीख लागते, त्यांना विजेते निवडायचे असतात. तुम्हाला कुणाला ढाल द्यायचीय?

हे पटत नसेल तर 'शोले'चं उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट २०२५ ला त्याला ५० वर्षं झाली. डिसेंबरच्या १२ तारखेला तो नव्यानं दुरुस्त होऊन पुन्हा चित्रपटगृहांत लागला, आणि शेवट होता मूळचा. आणीबाणीच्या काळात सेन्सॉरनं तो बदलायला लावला होता. माजी पोलीस अधिकाऱ्यानं कायदा हातात घ्यायचा नाही म्हणून ऐनवेळी पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो, हे आपण पन्नास वर्षं बघितलं. मूळ शेवटात ठाकूर थांबत नाही. तर मग हा चित्रपट कोणत्या सालचा? १९७५ चा म्हणावा तर त्या साली हा शेवट कुणी थेटरात पाहिला नाही. शिवाय ऑक्टोबरात त्यातले जेलर असरानी गेले, नोव्हेंबरच्या २४ तारखेला धर्मेंद्र गेले. पाण्याच्या टाकीवरचा वीरू त्यानंतर तीन आठवड्यांत मोठ्या पडद्यावर बघणं आणि टीव्हीवर दहा वेळा बघितलेलं, यांत काही साम्य नाही. माझ्या आजूबाजूला लोक संवाद आधीच म्हणत होते, जेलरच्या प्रवेशाला टाळ्या पडल्या, आणि टाकीच्या प्रसंगात हशा नेहमीपेक्षा उशिरा आला. तो मी २०२५ मध्येच पाहिला, माझ्या यादीत तो पहिला आहे. सलीम-जावेद जोडीतले सलीम खान मूळ इंदूरचे, हे कारण त्यात अजिबात नाही. (थोडं आहे.)

गुरुदत्तांची जन्मशताब्दीही याच वर्षात आली, ९ जुलैला. ऑगस्टमध्ये त्यांचे चित्रपट स्वच्छ करून पुन्हा लावले. 'प्यासा'तला चंपीवाला जॉनी वॉकर, तोही इथलाच. पण तो मोठ्या पडद्यावर बघणं माझं हुकलं, म्हणून 'बघायचे राहिले'.

नुसता उपदेश नको, म्हणून माझी बाकी यादी थोडक्यात सांगतो.

नव्या मराठीत 'दशावतार'. दिलीप प्रभावळकरांनी ऐंशी ओलांडल्यावर दृष्टी जात चाललेला दशावतारी नट बाबुली उभा केलाय. नुसत्या मान वळवण्यात तो माणूस किती बघू शकतो ते कळतं. उत्तरार्ध मला भडक वाटला आणि खाणीचं प्रकरण घाईत उरकलं असंही वाटलं, तरी यादीत आहे, कारण घरी आल्यावर दोन दिवस मी बाबुलीसारखा चालून दाखवत होतो आणि बायको वैतागली होती. 'आता थांबायचं नाय' आवडला. महापालिकेतले कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, इतकी साधी गोष्ट. आपल्या गावात सफाई कामगारांचं कौतुक पाटीवर खूप होतं, त्यांच्या घरात डोकावणारा चित्रपट हिंदीतही माझ्या पाहण्यात नाही. 'संगीत मानापमान' मात्र पचला नाही. खाडिलकरांचं १९११ चं नाटक, मूळ चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पडद्यावर सगळं झगमगीत होतं आणि मी जुन्या पदांची वाट बघत बसलो होतो. नावडलेल्याचीही एक ओळ यादीत असावी या मताचा मी आहे. सगळंच आवडलेल्या माणसावर विश्वास बसत नाही.

गाण्यांत फेब्रुवारीनं वळण दिलं. पंडित प्रभाकर कारेकर गेले आणि पुढचे कितीतरी दिवस नाट्यपदांशिवाय काही ऐकवेना. त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला 'सैयारा'चं शीर्षकगीत. चित्रपट मला झेपला नाही, पण गाणं पावसाळाभर रिक्षात, चहाच्या टपरीवर, शेजारच्या गच्चीवर ऐकलं आणि मुकाट्यानं आवडून घेतलं. आणि गायक अमीर खाँसाहेबांचा राग मारवा. तो दर वर्षीच्या यादीत असतो, मित्र चिडवतात. पण मारव्यात षड्ज, म्हणजे सा, जितका लांबणीवर टाकाल तितका तो हवाहवासा होतो, आणि खाँसाहेब तो इतका लांबवतात की दिवेलागणीला ऐकताना जीव टांगणीला लागतो. यंदा एकदा वीज गेलेली असताना ऐकला, फोनवरच. त्या एका वेळेसाठी तो यादीत आहे.

बघा, माझ्या यादीत काय आवडलं यापेक्षा कधी, कुठे, कुणाबरोबर हेच जास्त आहे. तुम्हीही तशीच करा. फोनमध्ये तिकिटांचे मेसेज शोधा, फोटोंतल्या तारखा बघा, गाडीत कोणतं गाणं लागलं की तुम्ही आवाज वाढवता ते यजमानांना विचारा (एवढ्या कामाला ते चालतील). ज्याच्याकडे तुम्ही आपणहून परत गेलात तेच ठेवा. परत न गेलेलं कितीही थोर असो, या वर्षापुरतं गाळा. अर्धवट राहिलेला चित्रपटही चालेल, कुठे सोडला आणि का ते सांगा. प्रत्येक नावापुढे एकच वाक्य, 'अप्रतिम', 'भावस्पर्शी' हे शब्द वर्ज्य. सुब्बुलक्ष्मींसाठी स्वतंत्र ओळ करा, 'घरात वाजलेलं'. आणि सासूबाईंना एकदा विचारा की त्यांना अजून काय लावायला आवडेल. कदाचित फोनवर तेवढं एकच लावता येत असेल.

बाबांबद्दल भिशीत किती बोलायचं ते तुम्ही ठरवा. 'ही गाणी बाबांची, यंदा मी ऐकली' एवढं वाक्य पुरतं. त्यांच्या वहीतलं एखादं गाणं तुम्हाला मुळीच आवडत नसेल तर तेही सांगा. वडिलांच्या आवडीशी भांडण करता येणं हे त्यांच्या माघारीही थांबायला नको.

पाच भरत नसतील तर तीन वाचा. चित्रपट दोनच पाहिले असतील तर दोन. भारी यादीवाल्या मैत्रिणीबद्दल मला शंका नाही, तिनं ते सगळं खरंच पाहिलं असेल. अशा माणसाच्या शेजारी लाजून बसण्यात नुकसान तुमचंच. तिला सांगा, पुढचा मराठी चित्रपट इथे लागला की मला हाक मार. तो पहिल्या आठवड्यातच गाठा. आपल्याकडे मराठीला मल्टिप्लेक्सात एखादाच खेळ मिळतो, तोही अडनिड्या वेळी, आणि दुसऱ्या शुक्रवारी तो टिकेल याचा भरवसा नसतो. बँकेतून निघायला उशीर होणार असेल तर शनिवारचं तिकीट आधीच काढून ठेवा. तुमच्या बँकेला सुट्टी असलेला दुसरा नाहीतर चौथा शनिवार मात्र बघून घ्या.